लाल ठिपका

वाझ नदीवर धुणं आटोपून ऑनोरीन परत आली, तेव्हा तिचा नवरा आंसेल्म नदीकाठी मांडलेल्या चित्रासमोरून हललाही नव्हता. कॅनव्हासवर संथ पाणी, पॉपलरची झाडं, निवांत दुपार.

"सुझोन कुठंय?"

"असेल इथंच. तू आधी हे बघ. एवढ्या हिरव्यात लाल कसा खुललाय!"

पाण्याच्या मधोमध इवलासा लाल ठिपका होता.

"काय आहे हे?"

"कोण जाणे! दिसलं ते काढलं. पण काय छळलं गं त्यानं! आधी काठाशी होता, मग सरकायलाच लागला. दोनदा पुसून पुढं काढावा लागला."

सकाळी लेकीला लाल टोपी ऑनोरीननंच बांधली होती. तिच्या हातातली टोपली सुटली. धुतलेले कपडे तुडवत, सुझोनच्या नावानं हाका मारत ती कमरेएवढ्या पाण्यात शिरली.

"मामाँ!" मागच्या झुडपातून आवाज आला. सुझोन उभी होती, बोडक्या डोक्यानं. "माझी टोपी पळाली. पापाला सांगितलं, तर म्हणाला, गप्प बस."

ऑनोरीन ओलीचिंब वर आली. लेकीला कडेवर घेऊन तिचं डोकं खांद्याशी घट्ट धरलं, आणि मोकळ्या हाताच्या अंगठ्यानं तो ओला ठिपका पुसून टाकला.

पॅरिसच्या प्रदर्शनात एक गृहस्थ त्या चित्रापुढे बराच वेळ थांबले. "केवढी शांतता! फक्त इथं, पाण्यात, जरा हात चुकलाय तुमचा."

"नाही हो," आंसेल्म म्हणाला. "माझा हात बाकी सगळीकडे चुकलाय. तेवढी जागा बायकोनं दुरुस्त केलीय."