जंपसीट

"मॅडम, उतरावं लागेल तुम्हाला," गेटवरची डेब ओशाळून म्हणाली.

कोरिन वासेकने पट्टासुद्धा बांधला होता. कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मागे घडीची एकच जादा सीट असते, जंपसीट. बाकी विमान भरलेलं असलं, की कामासाठी ये-जा करणारे वैमानिक तिच्यावर बसून फुकट जातात. कोरिनने पहाटे पाचलाच नाव लिहून ठेवलं होतं. विमानही तिच्याच कंपनीचं होतं. पण ही छोटी कंपनी एका मोठ्या कंपनीच्या मालकीची. मोठीचा वैमानिक आला की छोटीच्या वैमानिकाने उठायचं, मग विमान कुणाचंही असो, असा नियम होता.

दारात मोठ्या कंपनीचा एक कॅप्टन उभा होता. बाहीवर चार पट्टे, हातात कॉफी.

"वाईट वाटून घेऊ नका हं," तो म्हणाला. "नियम काही मी केलेला नाही."

"मला दहाला मिनियापोलिसला पोचायचंय. फार महत्त्वाचं काम आहे."

"सगळ्यांचंच असतं हो. दुपारचं विमान आहे की!"

विमान घेऊन निघालेला थिओ उसळून मागे वळला. "कोरिन, तू हलू नकोस. बघतोच मी कोण उठवतं तुला!"

"नको रे. माझ्यापायी तुझी नोकरी जाईल." तिने पट्टा सोडला.

अकरा वर्षांत ती अशी कितीदा उठली, याची मोजदाद तिने केव्हाच सोडली होती. एकदा तर मुलीच्या पदवीदानाला ती पोचली, तेव्हा लोक खुर्च्या आवरत होते. आज याच नियमावर लवादापुढे शेवटची सुनावणी होती. "नुसत्या तक्रारी नकोत," लवादाने मागच्या वेळी छोटीच्या वैमानिकांना बजावलं होतं. "आपल्याच विमानातून उठवलेला एक माणूस माझ्यासमोर उभा करा. पटलं, तर त्याच दिवशी नियम रद्द करतो." पण साक्षीला कुणीच धजावेना. प्रत्येकाला पुढेमागे मोठ्या कंपनीतच नोकरी हवी होती. कोरिनलाही हवी होती. तरी तिने हात वर केला होता.

ती धावतच पार्किंगमध्ये गेली. पिकअपच्या काचेवरचं बर्फ खरवडलं आणि निघाली. फार्गोहून मिनियापोलिस एरवी साडेतीन तासांचं. त्या दिवशी वाऱ्याने शेतांतलं बर्फ रस्त्यावर आणून ओतलं होतं. दोन ट्रक खड्ड्यात कलंडलेले तिने पाहिले. स्टिअरिंग घट्ट धरून धरून बोटं आखडली, पण तिने गाडी कुठेही थांबवली नाही.

ती पोचली तेव्हा पावणेअकरा झाले होते. सुनावणीच्या खोलीचं दार बंद होतं. आतून खणखणीत आवाज येत होता.

"यांची एकुलती एक साक्षीदार, महाशय, आलेलीच नाही! ज्यांना वेळेवर यायचंही जमत नाही, त्यांचं हे रडगाणं किती ऐकायचं? आमच्यामुळे यांचं कुणाचं काही अडलंय, असं एकदाही झालेलं नाही!"

आवाज ओळखीचा वाटला. कोरिनने दार ढकललं. मोठ्या कंपनीच्या वैमानिकांचा प्रतिनिधी हात उंचावून बोलत होता. बाहीवर चार पट्टे होते. त्याची नजर दाराकडे गेली, आणि हात तसाच वर राहिला.

लवादाने चष्म्यावरून पाहिलं. "मिसेस वासेक? पाऊण तास उशीर. कारण कळेल?"

कोरिनने टोपी काढून तिच्यावरचं बर्फ झटकलं. आता तिला कसलीच घाई नव्हती.

"कारण माझ्यापेक्षा या कॅप्टनसाहेबांनाच विचारा," ती म्हणाली. "आज सकाळी माझ्या सीटवर बसून आलेत ते."