शोभेचं शून्य

सरांनी ती टिप्पणी चौथ्यांदा पुसली.

‘सर, सातव्या मिनिटाला तुम्ही मधलं शून्य खोडलं आहे. शेवटचं शून्य शोभेचं असतं, मधलं नाही. कृपया पुन्हा बघावे.’ खाली नाव: उजळणी. फोटोच्या जागी कोरी पाटी.

सरांनी पुन्हा बघितलं होतं. पहिल्याच दिवशी, दार लावून, आवाज बारीक करून. व्हिडिओतले सर हसतमुखाने ०.०५ लिहीत होते आणि मग झोकात मधलं शून्य खोडत होते. ‘पॉइंटनंतरचं शून्य नुसतं शोभेचं! गाळा बिनधास्त!’ उरलं ०.५. म्हणजे दहापट. पाचवीतल्या पोरानेही कपाळाला हात लावला असता. पण व्हिडिओ बघणारे नऊ लाख होते, आणि त्यांनी कपाळाला हात लावण्याऐवजी सरांना हात जोडले होते. ‘सर, आयुष्यात पहिल्यांदा दशांश कळले.’

चूक कबूल करायला सरांची ना नव्हती. फक्त वेळ वाईट होती. शिकवणीची एक मोठी कंपनी सोमवारी त्यांच्याशी करार करणार होती. जाहिरातीची ओळही ठरली होती: ‘सात वर्षं. एकही चूक नाही.’ खाली सरांचा फोटो, हातात खडू. खडू त्यांनी वीस वर्षांत हातात धरला नव्हता, पण फोटोत शोभून दिसत होता.

“ती उजळणी म्हणजे तूच ना?” त्यांनी जेवताना बायकोला विचारलं.

संशयाला जागा होती. शोभेच्या शून्याचं वाक्य मूळ तिचं. लग्नाआधी ती शाळेत गणित शिकवायची. सरांनी वाक्य उचललं आणि ‘शेवटचं’ हा शब्द जड वाटला म्हणून तेवढा काढून टाकला.

“मी कशाला लिहू?” बायको म्हणाली. “सांगायचं असतं तर तोंडावर सांगितलं असतं. भात वाढू?”

“म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे?”

“अहो, मी पडले शोभेचं शून्य. तुम्हीच म्हणता ना चारचौघांत? मग माझं कशाला मनावर घेता?”

ती हसली. ते हसू सरांना अजिबात आवडलं नाही.

गुरुवारी ती न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं, मोबाइल फरशीवर आपटून फुटला. शुक्रवारी ऑपरेशन झालं. सर तिच्या खाटेशेजारच्या खुर्चीत बसून राहिले. आल्यागेल्याने त्यांचं कौतुक केलं.

गुरुवारपासून उजळणीही गप्प झाली.

सरांनी हे गणित तीनदा तपासलं. बायको आडवी, मोबाइल बंद, उजळणी गप्प. उत्तर दरवेळी एकच येत होतं.

“मोबाइल तेवढा दुरुस्त करून आणा हो,” रविवारी सकाळी बायको कण्हत म्हणाली. “सोमवारच्या आत हवाय मला.”

“सोमवारी काय आहे?”

“धाकटीचा वाढदिवस नाही का? तिला चार ओळी लिहीन म्हणते.”

सात वर्षांत तिने बहिणीला वाढदिवसाच्या चार ओळी लिहिल्याचं सरांना आठवत नव्हतं. अर्थात तिचं काय काय चालतं, हे त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

डॉक्टर फेरीला येऊन गेले. दुखणं थांबायचं औषध बदलून दिलं आणि बजावलं, “जालीम आहे. अगदी मुंगीएवढी मात्रा. जास्त झाली तर माणूस झोपेतच श्वास घ्यायचा विसरतो.”

दुपारी नवी नर्स ट्रे घेऊन आत आली आणि दारातच थबकली.

“अय्या! शोभेचं शून्य सर!”

सरांनी नम्रपणे मान झुकवली.

“कालच रुजू झाले मी. तुमचे व्हिडिओ बघून बघून पास झाले, खरं सांगते. पॉइंट दिसला की हातपाय गळायचे माझे.” तिने सिरिंज उचलली. “बरं झालं तुम्ही आहात. इथे नियम आहे, मात्रेचा हिशोब दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने म्हणून दाखवायचा. दुसरी सिस्टर जेवायला गेलीय. पण तुमच्यापुढे तिचं काय?”

“म्हणा,” सर म्हणाले.

“एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम. डॉक्टरांनी लिहिलंय अर्धा मिलिग्रॅम. अर्धा भागिले दहा, म्हणजे पॉइंट शून्य पाच मिलिलिटर.” ती लाजून हसली. “आणि मधलं शून्य?”

सरांनी सिरिंजकडे पाहिलं.

“नुसतं शोभेचं! गाळा बिनधास्त! म्हणजे पॉइंट पाच.” तिने सिरिंज अर्ध्या खुणेपर्यंत भरली आणि उजेडात धरली. “बरोबर ना, सर?”

बायकोने डोळे किलकिले केले. “अहो, फार दुखतंय हो,” ती पुटपुटली आणि चाचपडत त्यांचा हात धरला.

सरांनी तिच्या हातावर थोपटलं. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी पुसत होतं. उद्या सोमवार होता.

“शाबास,” ते म्हणाले. “एकदम बरोबर.”

नर्सचा चेहरा फुलला. तिने सलाइनच्या नळीतून औषध सोडलं, कागदावर वेळ टाकली, सरांबरोबर एक फोटो काढला आणि ट्रे उचलून गेली. बायकोची बोटं हळूहळू सैल झाली. सरांनी आपला हात सोडवून घेतला.

खिशात मोबाइल थरथरला.

‘सर, माफ करा. परीक्षा होती, म्हणून आईने तीन दिवस मोबाइल काढून घेतला होता. ते मधलं शून्य अजून खोडलेलंच आहे. कृपया पुन्हा बघावे. – उजळणी, इयत्ता पाचवी.’