उद्यासाठी ट्यूबा

लेस्टरने नव्या ट्यूबाचं, त्या भल्यामोठ्या पितळी वाद्याचं, तोंड रुमालाने पुसलं आणि संथ तुकडा चौथ्यांदा वाजवला. एकही स्वर हलला नाही. समोरच्या ओसरीवर रोझलिन मावशी वाल सोलत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

उद्या सकाळी मुंबईच्या ऑर्केस्ट्राची परीक्षा होती. वाजवणारा पडद्याच्या अलीकडे, ऐकणारे पलीकडे. वय, गाव, चेहरा काही दिसत नाही, नुसता आवाज. आधी दोनदा तो नापास झाला होता. ही शेवटची खेप, असा त्याने बायकोला, आल्बिनाला, शब्द दिला होता. जागा मिळाली तर ठीक, नाहीतर आहेच आपल्या पापडी गावचा बँड. लग्नात नाचणाऱ्यांच्या मागे आणि मयतीत शवपेटीच्या पुढे. वीस वर्षं मढ्यांपुढे चालून तो पार कंटाळला होता.

नवा ट्यूबा एका मित्राने उसना दिला होता. बँडचा जुना भिंतीला टेकून होता. जागोजागी पोचे, एक कळ अडकणारी. मनात शंका नको, म्हणून त्याने तोच तुकडा जुन्यावरही वाजवला. आवाज जड निघाला, जरा खरखरीतच. तो अर्ध्यातच थांबला. आल्बिना आतून म्हणाली, नवाच ने. त्यालाही तेच वाटत होतं. नवा गवसणीत घालून त्याने चेन ओढली. एक काम संपलं.

तेवढ्यात रोझलिन मावशी फाटकाशी आल्या. वाल तसेच टाकून आल्या होत्या. डोक्यावर पदर, हातात रोझरी.

"कोन गेलं रे, लेस्टर?"

लेस्टरला हसू आलं आणि कसंसंही झालं. कुणी गेलं नाही मावशी, परीक्षेसाठी वाद्य निवडत होतो, असं त्याने सांगितलं. मावशी परत फिरल्या नाहीत.

"मग पुरा वाजव," त्या म्हणाल्या. "आमच्या स्टॅनीला कोविडात नेला, तवा बँड नव्हता. मला सिमेट्रीत आत पन सोडलं नाय."

लेस्टरने जुना ट्यूबा मांडीवर घेतला. मध्येच कळ अडकली आणि एक स्वर फाटला. उद्या एवढ्यावरूनच घरी पाठवतील, हे त्याला कळत होतं. तो थांबला नाही. शेवटचा स्वर संपला तेव्हा आल्बिना दारात येऊन उभी होती. उद्या हाच नेतो, असं तो तिला म्हणाला. तिने डोळे पुसत मान हलवली.

रोझलिन मावशी खाली वाकल्या. मूठभर माती उचलून त्यांनी ती हळूच खाली सोडली आणि पाच वर्षांनी नवऱ्याला माती देऊन त्या घरी गेल्या.