अभिषेकाचं तेल

मोरेनिके लागोसच्या बाजारात कपडे शिवायची. नव्या शिलाई मशीनसाठी साठवलेल्या पैशांतून ती एका साखर कंपनीचे शेअर सोमवारी घेऊन गुरुवारी विकायची. या गुरुवारी भाव कोसळू लागला. ती मोबाइल घ्यायला धावली, तर सासू त्यावर चर्चमधलं अभिषेकाचं तेल चोळत होती. "भाव चढावा म्हणून गं!" "आई, द्या इकडे, विकायचंय!" "थांब, आमेन तरी म्हणू दे." मोरेनिकेनं मोबाइल हिसकावला, पण तेलकट काचेवर बोट घसरलं आणि 'विका'ऐवजी 'घ्या' दाबलं गेलं. उरलेले पैसेही त्यातच गेले. नंतर विकायला गेली, तर घेणाराच नव्हता. आठवड्याभरात निम्मी पुंजी बुडाली. "तुझीच श्रद्धा कमी पडली," सासू म्हणाली. मोरेनिकेनं कात्री आपटली. "श्रद्धा तुमची होती, आई, पैसे माझे होते. पुढच्या वेळी श्रद्धा मी ठेवते, पैसे तुम्ही लावा."