काशाचं बोंडलं

प्रणीतचं नाक चोंदलं होतं. बाटली तोंडात धरी, एकदा ओढी, गुदमरून सोडी आणि रडे. सकाळपासून त्याच्या पोटात धड काही गेलं नव्हतं. अनुषानं बाटलीचे सगळे सुटे भाग उकळून पुन्हा जोडले, आतल्या बारीक नळीसकट. चमच्यानं पाजलं तर दूध हनुवटीवरून झबल्यात.

"तो श्वास घेईल का ओढत बसेल?" तिच्या सासूबाई, कस्तुराबाई, म्हणाल्या. बाळाला बरं नाही म्हणून त्या चामराजपेटेहून सगळं शहर ओलांडून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत बसनं आल्या होत्या. "बारशाला दिलेलं बोंडलं काढ. वाटी कलती केली की चोचीतून जिभेपुरतंच दूध येतंय. ओढायला नको."

"वर कुठंतरी ठेवलंय, आत्याबाई."

"मग स्वल्प शोध की गं अम्मा. तुझा नवरा त्याच्यावरच वाढलाय."

अनुषानं आत जाऊन एक कपाट उघडलं, मिटलं. परत आली तर कस्तुराबाई बाल्कनीच्या दारात उभ्या. कठड्यावरच्या बोंडल्यात जाड पानांचं रोप होतं. चोचीत माती.

"झाडाला दूध पाजत होतीस होय?"

याच कुंडीचा फोटो अनुषानं सगळ्या मैत्रिणींना पाठवला होता. तिनं रोप उपटलं, बोंडलं घासलं. आत कुठं कोपराच नव्हता. एक बोट सगळीकडं फिरलं. उकळत्या पाण्यातून काढताना तळाकडं लक्ष गेलं. सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण प्रणीत पुन्हा रडायला लागला आणि कस्तुराबाईंनी हात पुढं केला.

दूध ओतलं. थेंब थेंब त्यांच्या लुगड्यावर पडायला लागलं.

"हे काय?"

"पाणी निथळायला... ड्रिलनं भोक पाडून घेतलं."

कस्तुराबाईंनी तिच्याकडं पाहिलं नाही. तळाला बोट लावलं आणि बोंडलं कलतं केलं. प्रणीतनं एक घोट गिळला. थांबला, तोंडानं श्वास घेतला. मग पुन्हा जीभ पुढं केली.

निम्मं दूध संपल्यावर त्या म्हणाल्या, "ये. तू धर आता. बोट काढू नको."

अनुषानं भोकावर बोट ठेवलं. कडा अजून धारदार होती. तिनं बोट आणखी घट्ट दाबलं.