पुस्तकावरचे नाव

कांचनबाईंनी पिशवीतून मराठीचे पुस्तक काढून झोपाळ्यावर ठेवले. ते पडू नये म्हणून मानसिंगरावांनी पायाने झोपाळा थांबवला.

पुस्तकाला खाकी कव्हर होते, त्यावर चिठ्ठी चिकटवलेली. चिठ्ठीवर बाईंच्या टपोऱ्या अक्षरात निळ्या शाईने लिहिले होते: कु. संयोगिता, इयत्ता नववी. मराठी घेणाऱ्या प्रत्येक मुलाला शाळा उघडायच्या आधी घरी जाऊन असे पुस्तक द्यायची त्यांची रीत होती. बाकीच्यांच्या घरी त्या आधी विचारून गेल्या होत्या. मानसिंगराव लहरीपुऱ्याजवळचे मराठी वाचनालय बिनपगारी सांभाळत. त्यांच्या नातीचे काय विचारायचे?

"तुमच्याकडे शेवटी आले, काका. इथे चिंता नव्हती ने." गुजरातेत वाढलेल्या बाईंच्या मराठीत हा 'ने' असायचाच.

मग त्यांनी हिंडल्याची हकीकत सांगितली. यंदा शाळेत स्पॅनिश सुरू झाले होते आणि सगळे तिकडे धावत होते. निजामपुऱ्यातली एक आई म्हणाली, मराठी घेऊन माझा धवल फार तर नाशिकला जाईल. वर्ग भरला नाही तर नववीचे मराठी बंद, आणि बाईंना बालवाडीत बसवणार, असे मुख्याध्यापकांनी सांगितले होते. नावे उद्या पक्की व्हायची होती.

"संयोगिता धरून बरोबर भरतो वर्ग," बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच पाठ टेकून बसल्या.

मानसिंगरावांनी चष्मा काढून धोतराला पुसला. गेल्या आठवड्यात संयोगिता इथेच उभी राहून म्हणाली होती, आबा, मी मराठी घेते. त्यांनी हातातल्या पुस्तकातून डोके वर न काढता तिला सांगितले होते की मराठी घरात आहेच, तू स्पॅनिश घे. ती ऐकत नव्हती, तेव्हा त्यांनी पुन्हा सांगितले, जरा कडक आवाजात. हे तिच्या भल्यासाठी सांगितले, की वाचनालयात हल्ली पेपर वाचायलासुद्धा कोणी येत नाही म्हणून, ते त्यांचे त्यांनाच कळत नव्हते.

"मुलं हल्ली..." ते म्हणाले. आणि त्यांनी चष्म्याची दुसरी काच पुसायला घेतली.

संयोगिता चहा घेऊन आली. तिने पुस्तक पाहिले, त्यावरचे नाव वाचले, आणि आबांकडे पाहिले. आबा चष्मा पुसत होते.

"बाई, मी स्पॅनिश घेतलंय," ती म्हणाली. "आबा नको म्हणत होते. मीच ऐकलं नाही."

झोपाळ्याची कडी एकदा वाजली. नावे उद्या पक्की व्हायची होती. अजून एका वाक्याने सगळे फिरले असते, आणि ते वाक्य मानसिंगरावांच्या तोंडात तयार होते.

कांचनबाई रागावल्या नाहीत. उलट मानसिंगरावांकडेच वळून हळू आवाजात म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका, काका. तुम्ही तरी काय करणार?"

मानसिंगरावांनी मान हलवली.

बाईंनी चहा संपवला. स्पॅनिशचे सर स्वतःच दिवाळीपासून मोबाईलवर शिकतायत, त्यांना अवघड प्रश्न विचारू नकोस, बिचारे गुजरातीत उत्तर देतील, असे त्यांनी संयोगिताला बजावले. ती हसली. मानसिंगरावही हसले, आणि हसू आल्याची त्यांना लाज वाटली.

"थोडं पाणी मिळेल? वाटीतच द्या."

संयोगिता उठायच्या आत मानसिंगराव उठले. स्वयंपाकघरात त्यांना वाटी लवकर सापडली नाही. त्यांनी पाणी आणून बाईंसमोर धरले. बाईंनी ते प्यायले नाही. बोट बुडवून त्यांनी चिठ्ठी भिजवली आणि नखाने एक कोपरा उचलला.

"पुस्तक कुणाला तरी होईल," त्या म्हणाल्या. "पण मी मेली गोंद पक्का लावते ने."

चिठ्ठी तुकड्या-तुकड्यांनी निघू लागली. संयोगिता एकेक तुकडा तळहातावर घेत होती. बाई पुन्हा पुन्हा बोट बुडवत होत्या. मानसिंगराव वाटी धरून उभे होते. वाटीतले पाणी हळूहळू निळे होत होते.