मुद्दाम हरलेले डाव

साखरपुडा झाल्यापासून झरीची दीपिका सोनपेठच्या भागवतशी मोबाइलवर अक्षरांच्या सोंगट्या जुळवायचा खेळ खेळायची आणि मुद्दाम हरायची. आईनं बजावलंच होतं, "लग्नात हळदीच्या पाण्यातली अंगठीबी नवरदेवालाच सापडू द्यायची असती, बाई." आज मात्र पुढ्यातल्या सातही सोंगट्या एकाच शब्दात बसल्या अन् तिला राहवलं नाही, तिनं डाव मारलाच. मग तिकडून उत्तरच येईना. शेळ्यांना पाला टाकताना तिचं ध्यान फोनकडं, भाकरी थापताना फोनकडं. लग्न मोडलं तर आईला काय सांगावं, या विचारानं जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी फोन वाजला. बाईचा आवाज होता. "मी भागवतची आई. त्याच्या फोनवर रोज मीच खेळायले. मुद्दाम हरायलीस, ते मला कळत होतं. माझ्या लग्नात अंगठी माझ्याच हाताला लागली होती, तरी मी सोडून दिली. तू सोडू नको."